एमबीएला एचआर घ्यावं का? दोन वर्षं वापरून लिहिलेला रिव्ह्यू

आधी निकाल सांगून टाकते, कारण रिव्ह्यू वाचणारे तळापर्यंत येतातच असं नाही. पाचपैकी साडेतीन. लेबर लॉ शिकवणारे सर आणि कारखान्यातली इंटर्नशिप यांना पाचपैकी पाच. प्लेसमेंट सेलला दोन. 'पर्सनॅलिटी ग्रूमिंग' नावाखाली जे चालायचं ते मी सरासरीत धरलेलंच नाही, नाहीतर आकडा अजून घसरला असता.

कॉलेज पुण्यातलं, विद्यापीठाशी संलग्न, सीईटी देऊन कॅप (केंद्रीय प्रवेशप्रक्रिया) राउंडमधून मिळणाऱ्यांपैकी एक. नाव लिहीत नाही, आणि लिहून उपयोगही नाही. शहराच्या कडेकडेने अशी कॉलेजं रांगेने उभी आहेत. सिलॅबस एकच, पुस्तकं तीच, व्हिजिटिंग फॅकल्टीतले निम्मे लोकही तेच. फरक असला तर इमारतीच्या काचांच्या रंगात. त्यामुळे हा रिव्ह्यू कॉलेजचा कमी आणि 'ह्यूमन रिसोर्स' या स्पेशलायझेशनचा जास्त आहे.

मी बी.कॉम., निगडीची. बाबा भोसरीत फिटर होते आणि बरीच वर्षं युनियनच्या कमिटीवर. आता मी चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत प्लांट एचआरला आहे. हे आधीच सांगितलेलं बरं. मार्केटिंगवाल्या किंवा आयटीत गेलेल्या एचआरवाल्या मैत्रिणीने लिहिलं असतं तर ताऱ्यांची मांडणी वेगळी दिसली असती.

निवड कशी होते

पहिल्या सेमिस्टरला सगळ्यांना सगळं. अकाउंटिंग, इकॉनॉमिक्स, मार्केटिंगची तोंडओळख, ऑर्गनायझेशनल बिहेविअर. मग एका दुपारी सेमिनार हॉलमध्ये प्रत्येक स्पेशलायझेशनचे प्राध्यापक येऊन आपापला माल दाखवतात. फायनान्सचे सर आकडे बोलतात, मार्केटिंगचे सर जोक मारतात, बिझनेस अॅनालिटिक्सवाल्यांकडे सगळ्यात मोठी गर्दी. एचआरच्या मॅडम आल्या आणि त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. एक, "ज्यांना माणसं आवडतात त्यांच्यासाठी हे आहे." दोन, "मुलींसाठी छान आहे, फिरती नसते."

पहिलं वाक्य तर इंटरव्ह्यूमध्ये बोलूच नका. आमच्या आताच्या मॅनेजरसमोर कोणी उमेदवार "आय लव्ह इंटरॅक्टिंग विथ पीपल" म्हणाला की ते पेनाचं टोपण लावतात. मग विचारतात, शंभर माणसांत ओटी, म्हणजे ओव्हरटाइम, कशी वाटायची सांग.

आणि फिरती? सेल्सइतकी नसते, मान्य. पण चाकणची पहिली शिफ्ट सातला सुरू होते आणि निगडीतून बस साडेपाचच्या सुमारास निघते. रात्रपाळीत मशीनवर कोणाचं बोट गेलं तर फोन एचआरला येतो. ईएसआयच्या (कर्मचारी राज्य विम्याच्या) दवाखान्यात कोण जाणार, घरी कोण कळवणार, अपघाताचा फॉर्म कोण भरणार, सगळं एचआर. 'मुलींसाठी छान' म्हणणाऱ्यांनी एकदा पावसाळ्यात तळेगाव-चाकण रस्त्यावर दोन तास बसमध्ये बसून दाखवावं.

या एका वाक्याचा परिणाम मात्र वर्गावर दिसतो. आमच्या एचआरच्या बॅचमध्ये मुलं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. त्यातली निम्मी अशी, की फायनान्सची गणितं नको होती म्हणून इकडे आलेली. गणितं नको म्हणून एचआरला येणाऱ्यांचं पुढे काय होतं ते पगारपत्रकाच्या भागात सांगते.

घरी सांगितलं तेव्हा बाबांनी चहाचा कप खाली ठेवला नाही. एवढंच म्हणाले, "म्हणजे तू टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसणार." मग आत गेले आणि एक जुनी फाइल आणून दिली. वेतन करारांच्या झेरॉक्स, मागणीपत्रं, महागाई भत्त्याच्या तक्त्यांवर त्यांच्या हाताने केलेल्या बेरजा. "हे वाच. तुमच्या पुस्तकात नसेल." नव्हतंच.

पुस्तकं

ऑर्गनायझेशनल बिहेविअरमध्ये मॅस्लोचा पिरॅमिड, म्हणजे माणसाच्या गरजांची उतरंड. एचआरएमच्या पेपरात मॅस्लोचा पिरॅमिड. रिवॉर्ड मॅनेजमेंटमध्ये पुन्हा तोच, या वेळी रंगीत. हॉथॉर्नचे प्रयोग इतक्यांदा शिकवले, की १९२४ ते १९३२ या काळात शिकागोजवळच्या त्या कारखान्यात दिवे किती वाढवले आणि किती कमी केले हे मी झोपेत सांगेन. प्रयोग महत्त्वाचेच आहेत, तक्रार त्याबद्दल नाही. पण कामगार या विषयावर जगाला शिकवावं इतकं ज्या मुंबईत घडलं ती पुण्यापासून तीन तासांवर आहे आणि सिलॅबसमध्ये तिचं नाव नाही.

नारायण मेघाजी लोखंडे हे नाव मला लेबर लॉच्या सरांकडून कळलं. १८८४ मध्ये त्यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांची संघटना उभी केली. सत्यशोधक चळवळीतला माणूस, 'दीनबंधू' चालवणारा. १८९० साली गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली ती त्यांच्या कित्येक वर्षांच्या पाठपुराव्यातून. सर म्हणाले, "वीकली ऑफचं कलम पाठ करायच्या आधी हा माणूस पाठ करा." बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं सांभाळत होते आणि आठ तासांच्या दिवसाच्या कायद्यामागे ते होते, हेही तिथेच कळलं. त्याआधी एम्प्लॉयमेंट एक्स्चेंज म्हणजे बाबांच्या तोंडचं एक जुनाट ऑफिस एवढंच माहीत होतं. त्याची पाळंमुळंही त्याच काळातली.

१९८२ च्या गिरणी संपावर सरांनी एक अख्खं लेक्चर घेतलं. १८ जानेवारीला सुरू झालेला संप, अडीच लाखांच्या आसपास कामगार, दत्ता सामंत. हे मराठी घरात कुठून ना कुठून कानावर आलेलं असतंच. पण त्यामागे एक कायदाही होता, हे कोणी सांगितलेलं नव्हतं. मुंबई औद्योगिक संबंध अधिनियम, १९४६. त्यानुसार गिरण्यांमध्ये बोलणी करायचा अधिकार एकाच प्रातिनिधिक युनियनला होता, आणि ती होती राष्ट्रीय मिल मजदूर संघ. कामगार सामंतांच्या मागे गेले तरी कायद्याच्या दृष्टीने मालकांसमोर बसायचा हक्क संघाचाच. त्यामुळे पगार आणि बोनसच्या मागण्यांइतकीच हा कायदा जावा ही मागणीही जोरात होती. युनियनला मान्यता कशी द्यायची हा परीक्षेतला पाच मार्कांचा प्रश्न नाही, त्याच्यावर गिरणगाव उभं किंवा आडवं होऊ शकतं, हे त्या दिवशी डोक्यात शिरलं. आजच्या औद्योगिक संबंध संहितेत ५१ टक्के सदस्य असतील ती वाटाघाटी करणारी युनियन, असं आलं आहे. आमच्या प्लांटमध्ये त्या आकड्याबद्दल आता चहाच्या टपरीवरही बोलतात.

ज्यासाठी फी दिली असं मी मानते

सर व्हिजिटिंग होते. पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांतल्या पर्सोनेल खात्यात सगळी नोकरी काढून निवृत्त झालेले, एमपीएमच्या, म्हणजे पर्सोनेल मॅनेजमेंटच्या पदवीच्या, जमान्यातले. शनिवारी सकाळी नऊला यायचे, पीपीटी नाही, हातात खऱ्या पगारस्लिपांच्या झेरॉक्स, नावं खोडलेल्या.

पहिल्याच तासाला स्लिप वाटल्या आणि म्हणाले, खालचा आकडा कसा आला ते शोधा. वर्गात शांतता. गणित नको म्हणून आलेल्यांचे चेहरे बघण्यासारखे होते. पीएफचे १२ टक्के, पण १५,००० ची मर्यादा धरली तर १,८००. मालकही तेवढेच भरतो, पण त्यातले १,२५० पेन्शनमध्ये जातात आणि ५५०च पीएफला. ईएसआय कामगाराकडून पाऊण टक्का, मालकाकडून सव्वातीन. प्रोफेशन टॅक्स दरमहा २००, फेब्रुवारीत ३००, म्हणजे वर्षाचे २,५००. आणि महाराष्ट्रात बाईचा पगार महिना २५,००० पर्यंत असेल तर तो शून्य. कामगार कल्याण निधीची कपात जून आणि डिसेंबरला. हे सगळं इंटरनेटवर मिळतं, मान्य. पण जुलैमध्ये पगारवाढ होऊन २१,००० च्या वर गेलेल्या माणसाचा ईएसआय ऑगस्टमध्ये का कापला, हा प्रश्न तुमच्या टेबलासमोर उभा राहून कोणी विचारतो तेव्हा शोधायला वेळ नसतो. उत्तर असं, की ईएसआयचा काळ एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असा सहा-सहा महिन्यांचा असतो. मध्येच मर्यादा ओलांडली तरी तो काळ संपेपर्यंत कपात चालू राहते, आणि दवाखान्याचा हक्कही. नोकरीला लागल्यावर पहिल्याच महिन्यात हा प्रश्न मला एका ऑपरेटरने विचारला. मी न अडखळता उत्तर दिलं. तो गेला आणि आणखी तिघांना घेऊन आला. "मॅडमना येतंय" हे शॉपफ्लोअरवर पसरायला एक शिफ्ट पुरते.

ग्रॅच्युइटीचंही तसंच. शेवटचा मूळ पगार अधिक महागाई भत्ता, गुणिले १५, भागिले २६, गुणिले वर्षं. २६,००० पगार आणि वीस वर्षं सेवा असेल तर तीन लाख. सर विचारायचे, २६ का, ३० का नाही? महिन्यात चार रविवार पगारी सुट्टीचे, म्हणून कामाचे दिवस २६. लोखंडे पुन्हा आले बघा.

पण सगळ्यात भारी व्हायची ती चौकशी. खातेनिहाय चौकशीचं नाटक वर्गात करायचो. एक जण रात्रपाळीत झोपलेला कामगार, एक सुपरवायझर, एक चौकशी अधिकारी, एक कामगाराच्या बाजूने बोलणारा सहकारी. आम्ही लिहिलेली पहिली आरोपपत्रं सरांनी अक्षरशः फाडली. "'ड्यूटीवर झोपला होता' असं लिहिताय? तुम्ही होतात तिथे? कोणत्या मशीनमागे, किती वाजता, कोणी पाहिलं, उठवलं तेव्हा काय म्हणाला, ते लिहा." आरोप मोघम असला की चौकशी कितीही लांबवा, कोर्टात टिकत नाही. निलंबन केलं तर पहिले नव्वद दिवस निम्मा पगार निर्वाह भत्ता म्हणून, त्यानंतर पाऊण. साक्षीदाराला उलटतपासणीची संधी दिलीच पाहिजे. कामगाराला मराठीच कळत असेल तर कागद इंग्रजीत देऊन त्याची सही घेऊ नका. या शेवटच्या सूचनेवर वर्गात कोणीतरी हसलं, तेव्हा सरांनी त्यालाच इंग्रजी आरोपपत्र मोठ्याने वाचायला लावलं. दोन ओळींत अडकला बिचारा.

आमच्या वेळी जुने कायदे आणि येऊ घातलेल्या चार कामगार संहिता दोन्ही शिकलो. त्या येणार-येणार म्हणून वर्षानुवर्षं नुसतंच चाललं होतं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही लागू झाल्या. एकोणतीस कायदे त्यात विरघळले. वेतनाची व्याख्या बदलली, भत्ते निम्म्याच्या वर गेले तर वरचा भाग वेतनातच धरायचा. ठरावीक मुदतीवर घेतलेल्याला एका वर्षानंतर ग्रॅच्युइटी. नोकरी सुटली की दोन कामाच्या दिवसांत हिशेब चुकता. हे शेवटचं वाचायला एक ओळ आहे. आमच्याकडे फुल अँड फायनलसाठी स्टोअर्स, टूल रूम, कँटीन, आयटी अशा सहा सह्यांचा नो-ड्यूज फॉर्म फिरतो, तो दोन दिवसांत फिरवून दाखवणं म्हणजे काय ते तिथे बसल्यावर कळतं. आता अॅडमिशन घेणाऱ्यांनी कॉलेजात हे विचारलंच पाहिजे: संहिता शिकवणारा माणूस कोण, आणि त्याच्या नोट्स कोणत्या सालच्या? माझ्या ज्युनिअर्सकडे अजून १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यावरच्या जुन्या प्रश्नांचे संच फिरताहेत. तो कायदा कळायला हवाच, जुनी प्रकरणं त्यावरच चाललीत. पण तेवढ्यावर थांबलात तर इंटरव्ह्यूत पाच मिनिटांत पकडले जाल.

लैंगिक छळ प्रतिबंधक कायद्यावर, २०१३ च्या, एका वकील बाईंची दोन लेक्चरं झाली. तीही उत्तम. दहा किंवा जास्त माणसं असतील तिथे अंतर्गत समिती हवी, बाहेरचा एक सदस्य हवा, चौकशी नव्वद दिवसांत संपवायला हवी. त्यांनी खऱ्या प्रकरणांची नावं न घेता सांगितलं, की समित्या बहुतेक ठिकाणी पोस्टरवर असतात. आमच्या समोरच्याच भिंतीवर कॉलेजच्या समितीचं पोस्टर होतं. त्यावरच्या एका मॅडम कॉलेज सोडून गेल्या होत्या. बाईंनी पोस्टरकडे बघितलं, काही बोलल्या नाहीत.

बाकीचे विषय

झटपट उरकते. कॉम्पिटन्सी मॅपिंग, स्ट्रॅटेजिक एचआरएम, ऑर्गनायझेशनल डेव्हलपमेंट: स्लाइड्स. नावं बदलतात, बाण आणि गोल तेच. आयटी किंवा बँकांत जाणाऱ्यांना त्यातली भाषा लागते, हे मान्य करते. एचआर अॅनालिटिक्स नावाने जे शिकवलं ते एक्सेल होतं. पण त्याबद्दल तक्रार नाही, कारण व्हीलुकअप आणि पिव्होट टेबल रोज लागतात. हजेरीच्या मशीनमधून निघणारा डेटा इतका विस्कटलेला असतो, की एक्सेल न येणाऱ्या एचआरवालीला टाइम ऑफिसमधला क्लार्क दारातही उभं करत नाही.

एक गोष्ट दोन वर्षांत एकदाही चर्चेला आली नाही. कंपनी आणि कामगार यांच्या हिताचं जुळत नाही तेव्हा एचआरवाला कोणाचा? पुस्तकात 'बॅलन्स' असं लिहिलंय. बाबांनी मला नोकरी लागल्याच्या दिवशी पेढा खाताखाता विचारलं, "परमनंट किती आणि ठेकेदाराची किती?" मी आकडा सांगितला. त्यांनी दुसरा पेढा घेतला नाही. गोड कमी केलंय, म्हणाले. हा विषय सेमिनार हॉलमध्ये निघाला असता तर वर्गातली निम्मी मुलं जागी झाली असती.

इंटर्नशिप

दुसऱ्या सेमिस्टरनंतर दोन महिने. इथे एचआरचे दोन रस्ते फुटतात आणि बहुतेकांना तेव्हा कळत नाही.

पहिला रस्ता रिक्रूटमेंट कन्सल्टन्सीचा. बाणेर-वाकडकडे टू बीएचके फ्लॅटमध्ये ऑफिस, हॉलमध्ये ओळीने लॅपटॉप, बेडरूममध्ये बॉस. सकाळपासून पोर्टलवरून नंबर काढायचे आणि फोन करायचे. "सर, आर यू लुकिंग फॉर अ जॉब चेंज?" दिवसाचं टार्गेट, आठवड्याचं टार्गेट. माझ्या एका मैत्रिणीने दोन महिने हेच केलं. ती आज एका आयटी कंपनीत टॅलेंट अॅक्विझिशनला आहे, माझ्यापेक्षा बराच जास्त पगार घेते, आणि समोरच्याच्या आवाजावरून तो ऑफर घेऊन दुसरीकडे जाणार की येणार ते ओळखते. त्यामुळे त्या रस्त्याला मी नावं ठेवत नाही. पण तिथे दोन महिन्यांत एकही कायदा, एकही पगारपत्रक, एकही कामगार दिसत नाही.

दुसरा रस्ता कारखान्याचा. तो कॉलेज देत नाही, तुम्ही शोधायचा. मला बाबांच्या ओळखीने एका प्लांटमध्ये जागा मिळाली. स्टायपेंड नव्हता, कँटीनचं जेवण होतं. (कँटीनवर वेगळा रिव्ह्यू लिहिता येईल. गुरुवारची उसळ टाळा.) पहिले काही आठवडे ठेकेदारांची कागदपत्रं तपासली: लायसन्स, वेतन नोंदवही, पीएफची चलनं, आणि चलनावरची माणसं आणि गेटवरून आत येणारी माणसं जुळतात का. जुळत नव्हती. ते मी लिहून दिलं आणि पुढे काय झालं ते मला सांगण्यात आलं नाही. हेही शिक्षणच.

मग प्रोजेक्ट. कॉलेजात या प्रोजेक्टांची शीर्षकं पिढ्यान्‌पिढ्या एकच: 'अ स्टडी ऑफ एम्प्लॉयी सॅटिस्फॅक्शन अॅट अमुक लिमिटेड'. शंभर जणांना प्रश्नावली, पाच पर्याय, पाय चार्ट, निष्कर्ष असा की कर्मचारी बऱ्यापैकी समाधानी आहेत. बाइंडिंगवाल्याकडे मागच्या वर्षीची सॉफ्ट कॉपी मिळते, नाव बदलायचं. मला तिथल्या टाइम ऑफिसमधल्या काकांनी सुचवलं, गैरहजेरीवर कर. लाइनवर बीड, लातूर, नांदेड, यवतमाळकडची पोरं जास्त. चैत्र-वैशाखात अचानक दहा-बारा जण गायब, लाइन अडकते, सुपरवायझर एचआरच्या नावाने ओरडतो. कंपनीने हजेरी बक्षीस लावून बघितलं होतं, फरक शून्य. मी एकेकाला कँटीनमध्ये गाठून गावच्या जत्रेची तिथी विचारली आणि कॅलेंडर केलं. जत्रा, लग्नसराई, पेरणी, दिवाळीनंतरचे आठ दिवस. कोणत्या लाइनवर एकाच तालुक्यातली किती पोरं आहेत ते त्याच्या शेजारी मांडलं. एकाच गावचे आठ जण एकाच लाइनवर असतील तर त्या गावच्या जत्रेला ती लाइन बसणारच, त्यात रहस्य काय. त्यांना लाइन्सवर विभागा आणि रजा आधी मंजूर करा, एवढीच शिफारस. मार्गदर्शक मॅडमनी 'लिटरेचर रिव्ह्यू कमी आहे' म्हणून मार्क कापले. प्लांट हेडने कॅलेंडर भिंतीवर लावून घेतलं.

प्लेसमेंट

हायवेवरच्या फ्लेक्सवर शंभर टक्के. त्या शंभरात काय काय मोजतात ते आत गेल्यावर कळतं. एचआरसाठी म्हणून आलेल्या बऱ्याच कंपन्या त्याच टू बीएचकेवाल्या. एक-दोन ठिकाणी पद 'एचआर कम बिझनेस डेव्हलपमेंट', म्हणजे कोर्स विकायचे फोन. ऑफर घेतली नाही तर 'नॉट इंटरेस्टेड' म्हणून लिहून घेतात आणि तुम्ही यादीतून बाद, म्हणजे टक्केवारी अबाधित. कारखान्यातली ट्रेनीची जागा मला इंटर्नशिपच्या ओळखीतून मिळाली, कॉलेजमधून नाही. सुरुवातीला महिना वीस-बावीस हजार हातात. फायनान्सवाल्या मैत्रिणी सुरुवातीला माझ्या पुढे होत्या, आजही आहेत. पैसा हा पहिला निकष असेल तर इथेच थांबून दुसरं स्पेशलायझेशन बघा.

जमशेदपूरचं एक्सएलआरआय, मुंबईचं टिस या संस्थांची जातच वेगळी आहे. एक्सएलआरआय १९४९ चं, टिस १९३६ चं, दोघांचीही एचआरमधली ओळख अनेक दशकांची. तिथून निघालेले लोक आमच्या मॅनेजरच्या मॅनेजरच्या खुर्चीवर येऊन बसतात. तिथे नंबर लागत असेल तर हा रिव्ह्यू वाचण्यात वेळ घालवू नका.

उलट बाजूने, तुम्ही आधीच टाइम ऑफिस किंवा पेरोलमध्ये काम करत असाल तर दोन वर्षं आणि काही लाख रुपये एमबीएवर घालायच्या आधी विधी महाविद्यालयांतला कामगार कायदे आणि कामगार कल्याणाचा डिप्लोमा बघा. सगळे त्याला डीएलएल म्हणतात. परळला राज्य सरकारची कामगार अभ्यास संस्था आहे, लोखंड्यांच्याच नावाची, तिथला एमएलएस (कामगार अभ्यासातली पदव्युत्तर पदवी) हाही बघा. पाचशे किंवा जास्त कामगारांच्या कारखान्यात कल्याण अधिकारी ठेवणं कारखाने अधिनियमापासून बंधनकारक होतं, आणि त्या पदाच्या जाहिराती वाचा: एमएसडब्ल्यू (समाजकार्याची पदवी), डीएलएल, एमएलएस अशी अक्षरं दिसतात, नुसतं एमबीए पुरत नाही. हे आमच्या सेमिनार हॉलमध्ये कोणी सांगितलं नाही. मी नोकरी करता करता डीएलएल करतेय, आणि पुस्तकं बाबा आधी वाचतात.

तर घ्यावं का? पगारपत्रक सोडवायला मजा येत असेल, कोणी अंगावर ओरडत असताना तारीख आणि वेळ नीट लिहून घेता येत असेल, तर घ्या. 'सोपं पडेल' म्हणून घेऊ नका. आणि कॉलेज निवडताना प्लेसमेंटचं ब्रोशर बाजूला ठेवून मागच्या दोन वर्षांची इंटर्नशिपची यादी मागा: किती जण कारखान्यांत गेले, किती जण टू बीएचकेत. देत नसतील तर वर्गातल्या पोरांना कँटीनमध्ये विचारा, ती सांगतात. लेबर लॉचे सर कधी लेबर कोर्टात उभे राहिलेत का, हेही विचारा. कॉलेज बघायला शनिवारी जा, कारण व्हिजिटिंग फॅकल्टी बहुतेक ठिकाणी त्याच दिवशी येते. ऑफिसात चौकशीच्या खिडकीवर गेलात तर काउन्सेलर तुम्हाला सोडणार नाही, सरळ वर जाऊन मागच्या बाकावर बसा.